साडेअठरा तासांचं विमान

आमच्या डिस्पॅचमध्ये कुणी परदेशी जाऊन आलं की "कसं होतं?" असं कुणी विचारत नाही. "काय झालं?" असंच विचारतात. कारण काहीतरी झालेलं असतंच. चौदा वर्षांत हे इतकं साठलंय की कॅन्टीनच्या आमच्या टेबलावर नवा माणूस बसला तर जेवणाची सुट्टी संपते, आमचं सांगणं संपत नाही.

आधी आम्ही करतो काय ते सांगते. आमची कंपनी चाकणला आहे. गाड्यांच्या इंजिनात बसणारे बुश, म्हणजे बोटभर लांबीची स्टीलची नळकांडी, आम्ही बनवतो. माल जहाजानं जातो आणि पोचायला पाच-सहा आठवडे लागतात. कधी जहाज अडकतं, कधी आमचंच मशीन बंद पडतं. मग तिकडच्या कारखान्यातला साठा संपत येतो आणि त्यांची लाइन थांबायची वेळ येते. अशा वेळी एका माणसाच्या हातात दोन बॅगा भरून बुश द्यायचे आणि मिळेल त्या पहिल्या विमानात त्याला बसवायचं. याला आम्ही हँड-कॅरी म्हणतो. त्या माणसाचं तिकीट काढायचं काम माझं.

जाणारी माणसं ठरलेली. एक बालाजी सुरवसे, टूलरूमचा, मूळचा लातूरकडचा. दुसरे ज्ञानोबा कड, इन्स्पेक्शनमधले, ज्यांना सगळे नाना म्हणतात. नाना चाकणशेजारच्याच गावचे. कंपनी आता जिथे आहे तिथे त्यांच्या चुलत्यांचा कांदा असायचा. आणि आम्हाला पाठवणारे प्लांट हेड, देवधर साहेब. बस, एवढीच माणसं.

*

पहिली हँड-कॅरी बालाजीची. फ्रँकफर्टला जायचं, विमानतळाच्या दारात ग्राहकाच्या माणसाला बॅगा द्यायच्या आणि पुढच्या विमानानं परत यायचं. बालाजी त्याआधी विमानात बसला नव्हता. मी त्याला कागद नीट लावून दिले, कुठे काय दाखवायचं ते दोनदा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

फ्रँकफर्टला इमिग्रेशनच्या काचेमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "हाऊ मेनी डेज?"

बालाजीनं खरं ते सांगितलं. "फॉर्टी मिनिट्स."

अधिकाऱ्याला वाटलं याला इंग्रजी कळलं नाही. त्यानं बोटं दाखवून पुन्हा विचारलं. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस? बालाजीनं घड्याळ दाखवलं. चाळीस मिनिटं. मग त्याला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे दुसरा अधिकारी. तो म्हणाला, साडेसहा हजार किलोमीटरवरून माणूस चाळीस मिनिटांसाठी येत नसतो.

बालाजी म्हणाला, "मी आलोय ना, सर."

शेवटी त्यांनी ग्राहकाच्या कारखान्यात फोन लावला. तिकडून जो माणूस बोलला तो बहुतेक ओरडलाच असावा, कारण अधिकाऱ्यानं फोन कानापासून लांब धरला. पाच मिनिटांत बालाजी मोकळा. बाहेर पडल्यावर त्या जर्मन माणसानं बालाजीशी हातसुद्धा मिळवला नाही. दोन्ही बॅगा उचलल्या आणि पळाला. बालाजी दोन मिनिटं तिथेच उभा राहिला, मग परतीच्या काउंटरकडे गेला.

आल्यावर मी विचारलं, "जर्मनी कशी आहे?"

तो म्हणाला, "ताई, खोलीचा दरवाजा चांगला होता. सागाचा असावा."

*

दुसऱ्या वर्षी अशी वेळ आली की बालाजी गावी, नाना आजारी आणि उद्याच्या उद्या माणूस हवा. देवधर साहेब म्हणाले, "कुणीतरी पुरुष माणूस बघा मॅडम. वजन आहे."

मी म्हटलं, "सर, या घडीला व्हिसा फक्त माझ्याकडे आहे." मागे एका ट्रेनिंगसाठी माझा व्हिसा काढला होता, ट्रेनिंग रद्द झालं आणि व्हिसा तसाच होता.

"अहो, पण शेहेचाळीस किलो. दोन बॅगा."

"व्हिसा माणसाला असतो सर, वजनाला नसतो."

ते म्हणाले, आधी उचलून दाखवा. मी स्टोअरमधून दोन्ही बॅगा ओढत त्यांच्या केबिनपर्यंत आणल्या, दोन पायऱ्या होत्या तिथे उचलल्या आणि त्यांच्या टेबलाशेजारी ठेवल्या. घाम आला होता, पण पुसला नाही. म्हटलं, "घरी दळणाची गोणी चक्कीवर मीच नेते. तिला चाकंही नसतात." त्यांनी फोन उचलला. माझ्या नावानं प्रवासाचं पत्र लगेच टाइप झालं.

खरी अडचण घरी होईल असं मला वाटत होतं. आम्ही पिंपळे गुरवच्या जुन्या गावठाणात राहतो. सासूबाई तिथल्याच, त्यांचं माहेरही दोन गल्ल्या सोडून. मी त्यांना सांगितलं, उद्या जर्मनीला जायचंय, परवा परत. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पोरांच्या डब्याचं मी बघते. तू जा."

सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा समोरच्या काकू ओट्यावर होत्याच. त्यांनी बॅगा बघितल्या, मला बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "सून एकटीच चालली व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "एकटी कुठं? शेहेचाळीस किलो लोखंड हाय की संगं."

*

यानंतर एचआरनं एक परिपत्रक काढलं.

तोवर असं होतं की माणूस परत आला की एक दिवस घरी आराम. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण चालायचं. परिपत्रकात आलं की आता प्रवासाचे तास नियमानं धरले जातील. इंटरनेटवर एक वेबसाइट आहे. तिच्यात दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ येतो. तो वेळ म्हणजे प्रवास. तो चोवीस तासांच्या आत असेल तर आराम नाही, दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर व्हायचं.

मी ती वेबसाइट उघडून बघितली. पुणे ते मेक्सिको सिटी टाकलं. अंतर साडेपंधरा हजार किलोमीटर, वेळ साडेअठरा तास. म्हणजे जगाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं तरी आराम नाही.

पहिला नंबर नानांचा लागला. मेक्सिकोत आमच्या मालात काही खराब बुश गेले होते. तिथे जाऊन हातानं एकेक तपासून वेगळे करायचे होते. देवधर साहेबांनी नानांना बोलावलं, मीही तिकिटाचे कागद घेऊन तिथेच होते. साहेबांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन फिरवून नानांना दाखवला.

नानांनी चष्मा लावून नीट वाचलं. मग विचारलं, "साहेब, ह्ये साडेअठरा तासांचं इमान सुटतं कुठनं?"

"कुठून म्हणजे? पुणे ते मेक्सिको."

"आपल्या लोहगावातनं सुटतं?"

"नाही नाना. ते नुसतं अंतरावरून काढलेलं आहे. तुम्ही गाडीनं मुंबईला जायचं, तिथून युरोप, तिथे विमान बदलायचं, मग मेक्सिको."

"मंजी साडेअठरा तासांचं इमान न्हाईच."

"तसं विमान नाही, पण वेळ तेवढाच धरायचा."

नाना शांतपणे उठले. चष्मा खिशात ठेवला. "साहेब, माझं तिकीट त्याच इमानाचं काढा. साडेअठरा तासांत जातो, साडेअठरा तासांत येतो, दुसऱ्या दिशी फस्ट शिफ्टला उभा ऱ्हातो. आन् त्ये इमान नसंल, तर जे हाय त्याचे तास लिवा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी तिकिटाच्या कागदांकडे बघायला लागले.

नाना गेले, अर्थातच जे होतं त्याच विमानानं. पण जाताना नातीची एक शंभर पानी वही घेऊन गेले. आमच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याला पहिली सही करायला लावली. मग सगळं लिहीत गेले. तळेगाव. खालापूर, चहा. पनवेलला ट्रॅफिक, एक तास दहा मिनिटं. विमानतळ. विमान सुटलं. विमान उतरलं. दुसऱ्या विमानाला साडेपाच तास बाकी, पाय सुजले. मेक्सिकोत रांग, दोन तास. तिथून कारखान्यापर्यंत गाडी. आणि शेवटी तिथल्या गेटवरच्या पहारेकऱ्याची सही. त्याला मराठी येत नाही, नानांना त्याची भाषा येत नाही, पण सही झाली. त्या माणसानं सहीखाली एक हसरा चेहराही काढला होता.

बेरीज एकेचाळीस तास वीस मिनिटं.

परत आल्यावर नानांनी ती वही एचआरमध्ये दिली. ती परत आली. नानांनी पुन्हा दिली. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी त्यांनी तेच सगळं स्वच्छ अक्षरात नव्यानं उतरवून दिलं आणि मूळ वही पुरावा म्हणून जोडली.

एचआरमध्ये नवीन लागलेली मुलगी होती, ती बिचारी स्वतः नानांच्या टेबलापाशी आली. म्हणाली, "नाना, मी भरायला तयार आहे हो. पण त्या रकान्यात चोवीसच्या वर आकडाच जात नाही. सिस्टीम घेत नाही."

नाना म्हणाले, "मग सिस्टीमला म्हणावं, नाना जाऊन आला."

*

एक छोटा किस्सा, माझ्यापुरता.

त्या दिवशी बालाजी दुबईमार्गे जाणार होता. संध्याकाळी सव्वापाचला त्याचा मुंबईहून फोन आला, "ताई, बसलो विमानात. आता फोन बंद करतो." त्याच वेळी आमची कंपनीची बस चाकणच्या गेटमधून निघत होती. मी त्याला म्हटलं, "नीट जा. मीही निघालेय घरी."

पाऊस होता, आणि पुढे कुठेतरी एक कंटेनर आडवा झाला होता. नाशिक रस्त्यावर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. बसमध्ये लोकांनी डबे उघडले, कुणी झोपलं, एकानं खाली उतरून सगळ्यांसाठी भजी आणली.

साडेआठला फोन वाजला. बालाजी. "ताई, दुबईला उतरलो. तुम्ही?"

मी खिडकीची काच पुसून बाहेरची पाटी वाचली. "मोशीला."

 तो म्हणाला, "ताई, तुम्हाला आरामाचा दिवस मागायला पाहिजे."

*

नानांची वही झाली तरी परिपत्रक होतंच. त्याच बालाजीला पुढच्या खेपेला परत आल्या आल्या दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिफ्टला बोलावलं. तो म्हणाला, दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. देवधर साहेब म्हणाले, "अरे, विमानात काय करतात माणसं? झोपतातच ना."

बालाजी वाद घालणाऱ्यातला नाही. तो हजर झाला. कार्ड पंच केलं. मग टूलरूममध्ये न जाता साहेबांच्या केबिनबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. पाठ ताठ, हात मांडीवर, गुडघे जवळ, जसं विमानात मधल्या सीटवर बसावं लागतं तसं. आणि डोळे मिटले.

नऊला मीटिंग होती. सगळे खातेप्रमुख त्याच्या शेजारून वाट काढत आत गेले. दहाला साहेब स्वतः बाहेर आले. "सुरवसे, हे काय चाललंय?"

बालाजीनं डोळे उघडले. "सर, विमानात झोप होते असं तुम्ही म्हणालात. माझी झाली नव्हती. म्हटलं, माझी बसायची पद्धत चुकत असेल. म्हणून तसाच बसून बघतोय."

"मग? लागली?"

"नाही सर. इथेही लागली नाही."

साहेब आत गेले आणि दार लावून घेतलं. बालाजीला कुणी काही बोललं नाही. तो अकरापर्यंत तसाच बसला, मग कामाला गेला.

*

देवधर साहेब वाईट आहेत असं मात्र समजू नका. माणूस हट्टी, पण दुसऱ्याला जो नियम तोच स्वतःला लावणारा.

मेक्सिकोच्या ग्राहकानं एकदा सांगितलं की आता तुमचे इन्स्पेक्टर नकोत, प्लांट हेडच यायला हवा. साहेबांचं तिकीट मीच काढलं. मी त्यांना मुद्दाम त्रासाचं तिकीट काढून दिलं असं नाना आजही म्हणतात. तसं नाही. बालाजी आणि नाना ज्या विमानांनी जायचे त्याच विमानांचं काढलं, एवढंच.

साहेब पाच दिवसांनी परत आले. येताना मुंबईत पाऊस, घाटात दरड, त्यामुळे घरी पोचायला त्यांना बेचाळीस तास लागले. हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या भोंग्याला साहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटमध्ये हजर. माझ्याकडे आले आणि प्रवासाचा फॉर्म दिला. प्रवासाच्या तासांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, साडेअठरा.

मी म्हटलं, "सर, बेचाळीस झाले ना?"

"नियम नियम असतो मॅडम."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि थोडा आदरही वाटला, खोटं कशाला सांगू.

दहा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये उत्पादनाची मीटिंग सुरू झाली. नाना खराब मालाचे आकडे वाचत होते. वाचता वाचता त्यांनी मान वर केली तर साहेबांची हनुवटी छातीला टेकलेली, हातातलं पेन कागदावर एक लांब रेघ ओढून थांबलेलं. साहेब गाढ झोपले होते. कुणाला काय करावं कळेना. पर्चेसचे एक जण त्यांना हलवायला उठले.

नानांनी हात वर केला. हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. साहेबांचं इमान अजून उतारलं न्हाई."

सगळे चपला न वाजवता बाहेर आले. नानांनी पंखा एकनं कमी केला आणि दार ओढून घेतलं. साहेब दीड वाजता उठले. परिपत्रकाचा कागद आजतागायत कुणी बदललेला नाही. पण त्या दिवसानंतर परदेशाहून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी शिफ्टला ये म्हणून फोन जात नाही.

*

हा शेवटचा किस्सा खरं तर साहेबांच्या प्रवासाच्या आधीचा आहे. तो शेवटी सांगते, कारण तो झाला की टेबलावर दुसरं कुणी काही सांगत नाही.

बालाजी मेक्सिकोत होता. माल तपासायचं काम आठ दिवसांचं, त्यातले सहा झाले होते. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते, त्याच्याकडे सकाळ. त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत होता, म्हणून मला आधी काही कळलं नाही.

"ताई, आईला अटॅक आलाय. लातूरला आयसीयूत आहे. भावाचा फोन होता. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

मी म्हटलं, "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, दोनच दिवसांचं काम राहिलंय, आता सोडलं तर ग्राहक जातो. म्हणाले, साडेअठरा तासांचा तर प्रवास आहे, परवा निघालास तरी पोचशील."

 बसमध्ये शेजारी कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट लावलं होतं.

बालाजी म्हणाला, "ताई, मी हातमोजे काढून टेबलावर ठेवलेत. आता घालणार नाही. तुम्ही तिकीट काढता का नाही, एवढंच सांगा. नाही तर मी माझं बघतो."

मी फोन ठेवला आणि आमच्या ट्रॅव्हल एजंटला लावला. कंपनीचं तिकीट साहेबांच्या मंजुरीचा मेल आल्याशिवाय निघत नाही. तोवर तसं एकदाही निघालं नव्हतं. एजंटनं सवयीनं विचारलं, "मॅडम, अप्रूव्हल?"

"माझं नाव टाका."

"तुमचं चालतं का?"

"आज चालतं."

त्यानं दोन सेकंद विचार केला असेल. मग की-बोर्डचा आवाज यायला लागला. नाशिक फाट्याला बस पोचायच्या आत बालाजीच्या फोनवर तिकीट गेलं.

मग मी नानांना फोन केला, कारण राहिलेलं काम कुणीतरी करायलाच हवं होतं. नाना म्हणाले, "माझा व्हिसा हाय अजून. सकाळच्या गाडीला माझं नाव लाव." बायकोला विचारतो वगैरे काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाकीट होतं. कारणे दाखवा. मंजुरीशिवाय तिकीट का काढलं याचा खुलासा चोवीस तासांत द्यावा. मला भीती वाटली, हे कबूल करते. घरी दोन मुलं आहेत, नवऱ्याची कंपनी तेव्हा आठवड्यातले चारच दिवस चालत होती. सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खरं त्ये लिव. आन् थोडकं लिव."

मी थोडकंच लिहिलं. "श्री. सुरवसे यांची आई अत्यवस्थ आहे. मंजुरी मिळायला किती तास लागतील हे वेबसाइटवर सापडलं नाही. म्हणून तिकीट काढलं. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा काढीन." सही केली, एक प्रत स्वतःकडे ठेवली आणि स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. ड्रॉवर उघडला, कागद आत ठेवला, ड्रॉवर लावला. त्यावर पुढे आजपर्यंत एक शब्द आलेला नाही.

या सगळ्या वेळात बालाजी वाटेत होता. कारखान्यापासून मेक्सिको सिटी, तिथे सात तास थांबणं, मग युरोप, मग मुंबई. मुंबईत उतरल्यावर त्यानं मला एकच मेसेज केला. "आहे." म्हणजे आई अजून आहे. मग गाडीनं लातूर, आणखी दहा तास. सगळे मिळून अट्ठेचाळीस झाले.

पंधरा दिवसांनी आईला दवाखान्यातून घरी नेऊन, तिला चार पावलं चालताना बघूनच तो चाकणला परत आला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये नानांनी त्याला विचारलं, "पोचलास तवा म्हातारी सुदीत व्हती?"

बालाजीनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, शुद्धीत होती. पोचला तेव्हा त्याच्या अंगावर अजून मेक्सिकोच्या कारखान्यातलाच कंपनीचा शर्ट होता. नर्सनं पाचच मिनिटं दिली. तो कॉटपाशी गेला. आईला त्यानं जाताना मेक्सिको म्हणजे काय ते सांगितलंच नव्हतं, मुंबईच्या पुढे चाललोय एवढंच बोलला होता. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

मग म्हणाली, "लई लवकर आलास की रं."

तो तिच्याजवळ वाकला.

"काम टाकून आलास का?"

"होय."

तिनं सलाइन लावलेला हात हळूच उचलला आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बरं केलास," म्हणाली.